आळत्याचं विपश्यना शिबिर: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मालकांना, फोरमनना कितपत उपयोगी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी सोयीचं केंद्र म्हणजे हातकणंगल्याजवळ आळत्याचं धम्मालय. रस्त्याने निपाणी-कागलवरून जाता येतं, रेल्वेने मिरजेला गाडी बदलून हातकणंगले. फी नाही. राहणं-जेवण जुन्या साधकांच्या दानावर चालतं आणि तुमचं दानही शिबिर पूर्ण केल्यावरच घेतात.

पहाटे ४ ला घंटा होते, रात्री ९.३० ला दिवे बंद. मधे दहा तासांहून जास्त बैठक. फोन पहिल्याच दिवशी जमा. संध्याकाळी ५ ला नवीन साधकांना चहा आणि थोडं खाणं मिळतं, रात्रीचं जेवण नसतं.

पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांखालची, वरच्या ओठावरची एवढीशी जागा आणि तिथला श्वास. तो लांबवायचा नाही, मोजायचा नाही, जोडीला जपही नाही. प्राणायाम केलेली माणसं नेमकी इथे अडखळतात, कारण ती श्वासाला वळण लावायला जातात. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहायच्या, आणि दिवसातून तीनदा तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. गुडघे बोलायला लागतात ते इथे. जुनं दुखणं असेल तर आधीच सांगा, खुर्ची मिळते.

माणसं हाताळणाऱ्याला खरा लाभ या संवेदना पाहण्यातच आहे. राग तोंडात येण्याआधी कान तापतात, श्वास आखूड होतो. तो क्षण ओळखता आला तर पुढचं वाक्य आवरता येतं. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, याची किंमत रोख असते. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालंय हे सांगायला आलेल्या कामगारावर मालक एकदा भडकला, की पुढच्या वेळी तो गप्प बसतो. मोल्डमधल्या ओलाव्याची वाफ होते, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, राहतात. आतले ब्लोहोल मशिनिंगला टूल लागेपर्यंत दिसतही नाहीत. तोवर वीज आणि मजुरी दोन्ही गेलेली. ही शिबिरं ज्यांच्या पद्धतीने चालतात त्या गोयंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना साधना शिकवत. कामाच्या जागेशी या विद्येचं नातं असं जुनं आहे.

उणीव एकच, पण मोठी. दहाव्या दिवसापर्यंत आर्यमौन, म्हणजे साधकांनी एकमेकांशी अजिबात न बोलणं, असल्याने समोरच्याचं पूर्ण ऐकून घेण्याचा सराव तिथे होत नाही. तो घरी, कारखान्यात स्वतः करावा लागतो. सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. ते सुटलं की दोन महिन्यांत सगळं मावळतं. गंभीर मानसिक आजार असेल तर अर्जात लपवू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

मार्चअखेर आणि गणेशोत्सव टाळा. सैल कपडे, शाल आणि घड्याळ न्या. निघण्याआधी वाळू, कच्चं लोखंड, पगार यांचे निर्णय कोण घेणार ते नाव घेऊन ठरवा, सह्यांचा अधिकार द्या आणि सगळ्यांसमोर सांगा. हे अर्धवट ठेवून आलेल्यांचं मन तिसऱ्या दिवशी उद्यमबागेत असतं; ‘घरी अडचण आहे’ म्हणून मधूनच परत जाण्याचा विषय निघतो तो त्यातूनच.