सोलापुरात ध्वनिक्षेत्रात उतरताना: मंच की स्टुडिओ?

ध्वनी अभियंता होऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या मुलामुलींपुढे दोन वाटा असतात: कार्यक्रमांचे थेट ध्वनिसंयोजन किंवा स्टुडिओतील ध्वनिमुद्रण. मी दोन्ही कामे केली आहेत. मिक्सर आणि माईक तेच असले, तरी कामाची जात निराळी आहे.

मंचावर चूक सुधारायला दुसरी संधी नसते. हुतात्मा स्मृती मंदिरात दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर जुळवलेला आवाज संध्याकाळी सभागृह भरल्यावर तसाच राहत नाही, कारण माणसे आणि त्यांचे कपडे विशेषतः वरच्या कंप्रता, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज, शोषून घेतात. त्यातच निवेदक माईक हातभर लांब धरतो, पुढच्या रांगेतून आवाज वाढवण्याची खूण येते, आणि वाढवावा तर मॉनिटरमधला, म्हणजे कलाकाराकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधला, आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून शिट्टी वाजते. तेव्हा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढायचा की नेमकी तीच कंप्रता इक्वलायझरवर, म्हणजे वेगवेगळ्या कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, कापायची, हे क्षणात ठरवावे लागते. एका भजनसंध्येत दिव्यांचे डिमर आणि मिक्सर एकाच लाइनवर असल्याचे माझ्या लक्षात आले नाही आणि मध्यंतरापर्यंत तानपुऱ्यामागे सतत गुणगुण ऐकू येत राहिली. त्या गायिकेबद्दल मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून माईक लावण्याआधी मी वीजजोडणी आणि अर्थिंग तपासतो.

स्टुडिओत पुन्हा गाता येते, पण तिथे शांतता मिळवावी लागते. शहराच्या पूर्वभागात यंत्रमागाची धडधड जमिनीतून खोलीत येते आणि भिंतीला फोम चिकटवून ती थांबत नाही, कारण फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. त्यासाठी जड भिंत आणि हवाबंद दार लागते. खरा खर्च इथेच होतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पंखा बंद करून गायकाला बसवावे लागते, हेही आधीच धरून चालावे. साध्या खोलीत बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या महागड्या कंडेन्सर माईकपेक्षा तोंडाजवळ धरलेला, कमी संवेदनशील डायनॅमिक माईक मला अधिक भरवशाचा वाटतो.

पैशाच्या बाजूने पाहता मंचाचे काम हंगामी आहे. लग्नसराई, जानेवारीतील सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि गणेशोत्सवात उसंत नसते, भर पावसाळ्यात मात्र हात रिकामे राहतात. गाण्यांच्या मिक्सिंगसाठी बहुतेकांना पुणे-मुंबई गाठावी लागते; मात्र मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात जाहिराती व निवेदनांचे ध्वनिमुद्रण घरच्या छोट्या स्टुडिओतूनही करता येते, आणि या संधीकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे मला वाटते. पदवीनंतर रीतसर शिकायचे असल्यास पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत ध्वनिमुद्रण व ध्वनिरचनेचा अभ्यासक्रम आहे.

कानांचा विचार मात्र आधी करावा. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची प्रचलित मर्यादा आहे आणि दर 3 डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे उरतात. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीशेजारी रात्री दहापर्यंत उभे राहणाऱ्याने इअरप्लग टाळू नयेत.

रात्रीची जागरणे झेपत असतील, तर पहिले दोन हंगाम एखाद्या जाणत्या साऊंडवाल्याबरोबर केबल ओढण्यात घालवावेत, असा माझा सल्ला आहे; झेपत नसतील, तर कान पूर्ण झाकणारे चांगले (क्लोज्ड-बॅक) हेडफोन आणि एक डायनॅमिक माईक घेऊन निवेदनांपासून सुरुवात करावी.