शेतवाट्याची वर्गणी आणि किलोला पडलेला खरा भाव

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सांगलीतील विश्रामबाग परिसरात, आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये, शेतात स्वतःचा वाटा घेण्याचे आवाहन करणारी पत्रके वाटण्यात आली. तासगाव तालुक्यातील एका गावात सेंद्रिय भाजीपाला पिकवायचा, सभासदांनी हंगामाआधीच पैसे भरायचे आणि २४ आठवडे दर आठवड्याला पाच किलो ताजी भाजी घरपोच घ्यायची, असा तो प्रस्ताव होता. ही योजना प्रत्यक्षात कशी चालली, वर्गणीचा आकडा कसा फुगत गेला आणि फसवणूक नेमकी कोठे होती, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्याच धर्तीची पत्रके आता मिरज आणि कुपवाडकडेही फिरू लागली आहेत.

मूळ कल्पनेत खोट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १९७० च्या दशकात जपानमधील शहरी ग्राहकांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून ही पद्धत रुजवली, आणि १९८६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतील दोन शेतांवर तशीच सुरुवात झाली. बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च आधी करावा लागतो आणि माल विकून पैसे नंतर येतात. म्हणून सभासद आधी पैसे देतात, शेतकऱ्याला कर्ज काढावे लागत नाही, आणि पीक चांगले आले तर सभासदाच्या पिशवीत जास्त भाजी पडते, हुकले तर कमी. वाट्याची किंमत काढण्याची रीतही सरळ आहे. शेतकऱ्याची स्वतःची मजुरी धरून हंगामाचा जो एकूण खर्च येतो, तो सभासदांच्या संख्येने भागायचा आणि तो हिशेब सर्वांपुढे ठेवायचा. आमच्यापुढे हा हिशेब कधीच आला नाही. मी तो मागितला तेव्हा योजनेच्या चालकांकडून ‘काकू, तो आमचा अंतर्गत विषय आहे’ असे उत्तर मिळाले. नुकसानीत आम्ही भागीदार आणि खर्चाच्या बाबतीत मात्र परके, ही विभागणी त्या एका वाक्यातच उघड झाली होती.

पत्रकावर मोठ्या अक्षरांत १४,४०० रुपये छापलेले होते. १२० किलो भाजीला हा भाव किलोमागे १२० रुपये पडतो. खात्रीच्या सेंद्रिय मालासाठी तो जड असला तरी अवाजवी म्हणता येणार नाही, असा विचार बहुतेक घरांनी केला. पैसे भरण्याच्या वेळी मात्र परत न मिळणारे १,००० रुपये प्रवेश शुल्क त्यात आले. त्यानंतर घरपोच सेवेचे खेपेला ४० रुपये या दराने पूर्ण हंगामाचे ९६० रुपये एकरकमी घेण्यात आले, आणि भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटसाठी ५०० रुपये अनामत निराळी. अनामत सोडली तरी रक्कम १६,३६० रुपये झाली, म्हणजे भाजीचे एक पानही घरात येण्यापूर्वी भाव १३६ रुपये किलोवर गेला होता. पैसे ज्या क्यूआर कोडवर भरायचे होते, त्यावर संस्थेचे नव्हे तर एका व्यक्तीचे नाव उमटत होते, आणि पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर एक रंगीत चित्र आले, ज्यावर ना पावती क्रमांक होता ना नोंदणी क्रमांक.

दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिण्याची मला जुनी सवय आहे. त्याच सवयीने मी आलेली भाजी घरच्या काट्यावर तोलून त्या त्या तारखेखाली लिहू लागले. पहिल्या काही खेपा पाच किलोंच्या जवळपास भरल्या, पण त्या वजनात लाल भोपळ्याची मोठी फोड, बाहेरच्या जाड पानांसकट कोबी आणि पाल्यासह बीट असा ऐवज असे. नित्याच्या वापराची वांगी, भेंडी, गवार मूठभरच. पुढे वजन तीन किलोंवर आले, मध्ये आठवडे कोरडे जाऊ लागले आणि गणपतीनंतर भाजी येणे पूर्ण बंद झाले. कॅलेंडरवरील सर्व नोंदींची बेरीज ५२ किलो झाली. १६,३६० रुपयांना ५२ किलोंनी भागले तर किलोमागे जवळपास ३१५ रुपये येतात. त्याच दिवसांत आमच्या भागातील भाजीवाल्या मावशींकडे बहुतेक भाज्या ६० ते ८० रुपये किलोने मिळत होत्या.

भाजी कमी येणे हा तोट्याचा भाग झाला. फसवणूक त्याहून वेगळी होती आणि ती सर्वप्रथम क्रेटमुळे लक्षात आली. प्रत्येक क्रेटच्या कडेला योजनेचे नाव आणि हिरवे पान छापलेला स्टिकर होता. एकदा क्रेटच्या तळाशी टोमॅटो फुटून चिकट झाले म्हणून मी तो नळाखाली धरला, तेव्हा स्टिकर ओला होऊन एका कोपऱ्याने सुटला आणि त्याखाली ऑइलपेंटने रंगवलेली तीन अक्षरे आणि एक आकडा दिसला. बाजारातील अडत दुकानदार आपापले क्रेट ओळखता यावेत म्हणून त्यांवर अशीच आद्याक्षरे रंगवून ठेवतात. शेजारच्या दोन घरांतील क्रेट तपासले, तर त्यांच्या स्टिकरखालीही तीच अक्षरे निघाली. ज्या क्रेटसाठी आमच्याकडून प्रत्येकी ५०० रुपये घेतले होते, तो क्रेट दुसऱ्याचा होता आणि त्यातील भाजी सौद्यातून उचललेली होती. मे महिन्यात आलेली सरळ, केशरी, एका मापाची गाजरे तासगावच्या उन्हाळ्यात कशी पिकली, हा प्रश्न तोवर चेष्टेत विचारला जात होता. त्यानंतर तो चेष्टेचा राहिला नाही.

खरे तर एवढ्यापर्यंत जाण्याचीही गरज नव्हती, साधा गुणाकार पुरेसा होता. आमच्या व्हॉट्सअॅप गटात दोनशेच्या वर सभासद होते आणि पत्रकानुसार लागवडीखाली २० गुंठे रान होते. दोनशे घरांना पाच किलोप्रमाणे आठवड्याला एक टन माल लागतो, आणि हंगामात २४ टन. चांगल्या बागायत जमिनीत एकट्या टोमॅटोचे उत्पन्न मोठे निघते हे मान्य केले, तरी अर्ध्या एकरात आठ-दहा प्रकारच्या भाज्या लावून, त्यांत पालेभाज्या धरून, भर पावसाळ्यात दर आठवड्याला एक टन तोडणी मिळणे शक्य नाही, हे आपल्या भागातील कोणताही शेतकरी जागेवर सांगेल.

भाजी थांबू लागली तेव्हा गटावर संदेश आला की कृष्णेच्या पुराने रान पाण्याखाली गेले असून, या पद्धतीत जोखीम सर्वांनी वाटून घ्यायची असल्याने सभासदांनी समजून घ्यावे. २०१९ चा आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्या सांगलीकरांना पुराबद्दल काहीही सांगून पटेल, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. पावसाळ्यात येथील माणूस सकाळी वर्तमानपत्राआधी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी पाहतो. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. त्या आठवड्यात पाणी इशारा पातळीच्याही खाली होते. शिवाय ज्या गावाचे नाव पत्रकावर होते, ते नदीपासून बरेच दूर, माळावर वसलेले आहे.

शेतभेटीच्या वेळी काढलेल्या एका छायाचित्रात फलकावर गट क्रमांक दिसत होता. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कोणत्याही गटाचा सातबारा विनाशुल्क पाहता येतो आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो. तो काढल्यावर दिसले की भोगवटादार म्हणून एका स्थानिक शेतकऱ्याचे नाव आहे, योजनेचा किंवा तिच्या चालकांचा कोठेही उल्लेख नाही, आणि पिकांच्या नोंदीत द्राक्षे आणि ज्वारी यांपलीकडे काही नाही. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाल्यामुळे शेतकरी स्वतः मोबाइलवरून छायाचित्रासह पिकाची नोंद करतो. त्यामुळे गाव नमुना बारा हा भाग पूर्वीपेक्षा बारकाईने वाचण्यासारखा झाला आहे. आम्ही काही जण त्या गावी गेलो, तेव्हा जमिनीच्या मालकांनी काहीही न लपवता सांगितले, ‘ताई, बोर्ड लावायला आन् फोटो काढायला रस्त्याकडंचा पट्टा मागितला हुता. मेथीच्या चार सऱ्या आमीच लावून दिल्या. भाडं दोन महिनं दिलं, मग फोन उचलायचं बंद केलं.’ म्हणजे तेही येणेकरीच निघाले.

‘सेंद्रिय’ या दाव्यासाठी दाखवलेले प्रमाणपत्र खोटे नव्हते, ते दुसऱ्याचे होते. अशा प्रमाणपत्रावर शेतकऱ्याचे किंवा शेतकरी गटाचे नाव, पीक आणि मुदत लिहिलेली असते. आम्हाला दाखवलेल्या प्रतीत पीक हळद होते आणि गाव दुसऱ्याच तालुक्यातील. व्हॉट्सअॅप गटावर त्या प्रतीचे छायाचित्र इतके लहान करून टाकले होते की केवळ बोधचिन्ह ओळखू यावे. जिल्ह्याला असले प्रकार नवे नाहीत. २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातून उघडकीस आलेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात शेतकऱ्यांनी गुंतवलेले पैसे बुडाले होते, या वेळी गळ ग्राहकांसाठी होता इतकाच फरक.

पैसे परत मागितल्यावर चालकांनी करारातील नैसर्गिक आपत्तीचे कलम पुढे केले. ते कलम मी पुन्हा वाचले आणि माझे मत असे झाले की जोखीम वाटून घेण्याची अट केवळ तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा पीक कोठे होते, किती होते आणि किती गेले हे सभासदाला जाऊन पाहता येते. जेथे पेरणीच झाली नाही, तेथे नुकसान होण्यासारखे काही नव्हते. तेथे गेले ते फक्त आमचे पैसे. एका चालकाने फोनवर ‘मॅडम, ५०० रुपये अनामत देतो, विषय संपवा’ असे सुचवले. काही कुटुंबांनी कंटाळून ते घेतले, आणि त्यांच्याकडून ‘कोणतीही तक्रार नाही’ असा संदेश लिहून घेण्यात आला. तो संदेश पुढे त्यांच्याच विरुद्ध वापरला जाण्याची शक्यता आहे, म्हणून अशी अर्धवट रक्कम घेताना काहीही लिहून देऊ नये.

कसबे डिग्रजकडील एका शेतकरी कुटुंबाकडून मी सध्या महिन्याची आगाऊ रक्कम देऊन भाजी घेते. त्यांनी पहिल्याच भेटीत विहीर, वाफे आणि बियाण्याची बिले दाखवली, पावसाळ्यात पालेभाजी मिळणार नाही हे आधीच सांगितले, आणि वर्षाचे पैसे देऊ केले तर ते नाकारले. महिन्याच्या हप्त्याने भाव थोडा चढा पडतो, पण बुडाले तर एका महिन्याचेच बुडतील.

आमच्यापैकी काही जणांनी सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगात शुल्क लागत नाही, वकील देणे बंधनकारक नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगातही दाद मागता येते, त्यामुळे चालकांचे कार्यालय कोठे आहे याचा शोध घेत बसावे लागत नाही. दाखल करण्यापूर्वी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनी यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, मूळ पत्रक, गटावरील संदेश तारखांसह आणि क्रेट जपून ठेवावा. ‘क्रेट परत द्या, मग अनामत देऊ’ असा निरोप आता येऊ लागला आहे, आणि स्टिकरखालची अक्षरे छायाचित्रात टिपल्याशिवाय तो कोणीही परत देऊ नये.