कामगाराच्या एका तासाला किती? एएसआय पाहावं की पीएलएफएस

आपल्याकडे कारखान्यातल्या कामगाराला पैसे महिन्यावर मिळतात, नाहीतर हजेरीवर. तासाचा दर आपणच काढावा लागतो. ते कष्ट का घ्यायचे? समजा, एकाची आठ तासांची पाळी, 26 हजेऱ्या, पगार 18,000 रुपये. दुसऱ्याच्या हजेऱ्या तितक्याच, पण बारा तास आणि 21,000 रुपये. महिन्याच्या आकड्यात दुसरा पुढे दिसतो. तासाला मात्र पहिल्याला साडेशहाऐंशी रुपये पडतात, दुसऱ्याला 67. पहिल्याच्याच दराने धरलं आणि वरचे चार तास कायद्याप्रमाणे दुप्पट दराने मोजले, तर दुसऱ्याला 36,000 मिळायला हवेत. पगार वाढल्याचा आलेख ही लूट सहज झाकतो, म्हणून मी तासाच्या दराचा आग्रह धरतो.

अभ्यासासाठी, मागणीपत्रासाठी किंवा बातमीसाठी हा दर काढायचा असेल, तर मुख्य पर्याय दोन.

वार्षिक उद्योग सर्वेक्षण, म्हणजे एएसआय, कारखान्याच्या हिशोबाच्या वह्यांतून माहिती घेतं. वीज वापरणारे दहा किंवा अधिक कामगारांचे आणि विजेविना चालणारे वीस किंवा अधिक कामगारांचे नोंदणीकृत कारखाने हा त्याचा मुख्य गाभा. मजुरी, मनुष्यदिवस (सगळ्यांच्या मिळून हजेऱ्या) आणि निव्वळ मूल्यवृद्धी (कच्चा माल, इतर खर्च आणि यंत्रांची झीज वजा जाता कारखान्याने घातलेली भर) एकाच जागी मिळतात. कारखान्याने निर्माण केलेल्या मूल्यातला किती वाटा कामगाराच्या हातात पडला, हे तपासायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. एक चूक मात्र टाळा: एकूण वेतनखर्चात मॅनेजर-सुपरवायझरचे पगारही असतात. कामगारांची मजुरी वेगळ्या रकान्यात असते, तीच घ्या. त्या कामगारांत आता दर पाचांतले दोन ठेकेदाराचे आहेत. त्यामुळे सरासरी हलली, तर ती दर बदलल्यामुळे की कायम आणि कंत्राटी यांचं प्रमाण बदलल्यामुळे, हे आधी पाहावं लागतं.

अडचणी दोन. आकडे उशिरा येतात. 2022-23 चे निकाल सप्टेंबर 2024 मध्ये आले. आणि मनुष्यदिवस म्हणजे दिवस. तो आठ तासांचा होता की बारा, हे त्यातून कळत नाही. आपण आठने भागतो आणि नेमका जिथे अन्याय होतो, तिथेच तासाचा दर फुगतो.

दुसरा पर्याय पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. ते 2017 पासून चालू आहे. ते मालकाला विचारत नाही, घरी जाऊन विचारतं: नियमित पगारदाराला मागच्या महिन्याची कमाई, हजेरीवाल्याला मागच्या आठवड्यातली रोजची मजुरी आणि दोघांनाही त्या आठवड्यात प्रत्यक्ष केलेले तास. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीतल्या कित्येक छोट्या यंत्रमाग शेड एएसआयच्या चौकटीत येतच नाहीत. तिथली मजुरी बहुधा मीटरवर ठरते. अशा माणसाच्या तासाला किती पडतं, हे शोधायचं तर त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं.

इथेही खाचखळगे आहेत. पगारदाराची कमाई महिन्याची आणि तास आठवड्याचे, त्यामुळे सुट्टीचा किंवा मंदीचा एखादा आठवडा गणित बिघडवतो. उत्तर माणसाच्या आठवणीवर अवलंबून असतं. आणि 'महाराष्ट्र, कारखानदारी, स्त्रिया' अशी चाळणी लावत गेलं की नमुना इतका लहान होतो, की दोन वर्षांतला फरक खरा की योगायोगाचा, ते ठरवता येत नाही.

केंद्राच्या कामगार खात्याच्या लेबर ब्युरोचा मजुरी दर निर्देशांकही आहे, पायाभूत वर्ष 2016. कोणत्या कामाला किती महत्त्व द्यायचं, ती वजनं त्यात पक्की असतात, म्हणून कामगारांची सरमिसळ बदलल्याने तो भुलत नाही. पण तो दर दाखवतो, हातात पडलेली रक्कम नाही.

नफा आणि मजुरीचं नातं मांडायचं असेल, तर एएसआय घ्या. कामगाराच्या तासाचं मोल हाच प्रश्न असेल, तर माझा कौल पीएलएफएसला. वार्षिक फाइल घ्या, राज्य पातळीवर दोन-तीन वर्षं एकत्र करा आणि सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या माणसाचा आकडा, काढा. महागाई वजा करताना सीपीआय-आयडब्ल्यू, म्हणजे औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, वापरा. तो त्यांच्याच खर्चावर बेतलेला आहे, आणि त्याच्या 88 केंद्रांत पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूरही आहेत.