तो चढता आलेख माझाच आहे, आणि खोटा आहे

परवा देवगडच्या एका मुलाचा मेसेज आला. तोही माझ्यासारखाच एकट्याने मोबाईल गेम बनवतो. ‘ताई, ही माणसं खात्रीची आहेत का? तुमचा गेम यांनीच वर आणला म्हणतात.’ सोबत एक स्क्रीनशॉट होता: प्ले कन्सोल, म्हणजे बनवणाऱ्याला आपल्या गेमचे आकडे दिसतात ते गूगलचं पान, तिथला इन्स्टॉलचा आलेख, आठवडाभरात सरळ वर चढलेला. आलेख माझ्याच गेमचा होता. त्याच्यापायी माझे साडेएकतीस हजार रुपये गेले, आणि आता तोच दाखवून दुसऱ्यांकडून पैसे काढताहेत. घरच्यांशिवाय कुणाला हे सांगितलं नव्हतं. आता सगळंच सांगते.

मी मालवणची. बाबा रापणीला जातात. होडी अर्धगोल मारत जाळं सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन्हीकडून ओढायला लागतात. एक बाजू पुढे गेली, दुसरी मागे राहिली की मासळी निसटते. लहानपणापासून बघितलेलं हे ओढणं मला गेममध्ये आणायचं होतं. दोन अंगठे, दोन दोर. दोन्ही सारखे ओढले तर बांगडा, तारली, नशीब असेल तर सुरमई. क्लासमध्ये शिकवून उरलेल्या वेळात, रात्री बसून, दीड वर्षात गेम झाला. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे खर्च जवळपास नव्हताच. प्ले स्टोअरवर गेम टाकायला लागणाऱ्या डेव्हलपर खात्याचे एकदाच भरायचे 25 डॉलर, म्हणजे दोन हजारांच्या वर, तेवढे गेले.

खरी दमछाक पुढे झाली. 13 नोव्हेंबर 2023 नंतर ज्यांनी वैयक्तिक खातं उघडलं, त्यांना गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी सलग 14 दिवस बंद चाचणी, म्हणजे फक्त आपण बोलावलेल्या माणसांकडून चाचणी, घ्यावी लागते. आधी 20 परीक्षक लागायचे, डिसेंबर 2024 पासून 12 पुरतात. बारा माणसं म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण कुणाचा फोन जुना, कुणाला ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, कुणाच्या वाडीत रेंज नाही. मामेभाऊ, क्लासमधली मुलं, शेजारची वहिनी अशी मोट बांधली तेव्हा कुठे गेम प्ले स्टोअरवर आला.

आणि तीन महिन्यांत 61 इन्स्टॉल. त्यातले चाळीसेक तर ओळखीचेच. गेमचं नाव शोधलं तरी दुसरेच गेम आधी यायचे. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे कन्सोल उघडून तो शून्याचा आकडा बघणं. हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल, त्या दिवसांत कुणी ‘तुमचा गेम छान आहे’ एवढं जरी म्हणालं तरी गळा भरून येतो.

नेमकं तेच वाक्य मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. माणूस शुद्ध मराठीत बोलत होता. गेम खेळून बघितल्याचं म्हणाला, रापणीबद्दल दोन प्रश्नही विचारले. मग म्हणाला, गेम चांगला आहे, फक्त धक्का हवा. अडीच हजारांत 500 ‘खरे भारतीय खेळाडू’. मी भरले. दोन दिवसांत 500 इन्स्टॉल दिसले! आईने शेजारीपाजारी सांगितलं. त्यानंतर नऊ हजारांचं पॅकेज: साडेचार हजार इन्स्टॉल आणि 60 पंचतारांकित अभिप्राय. तेही मिळालं. इथेच मी पुरती अडकले, कारण ज्याने दोनदा शब्द पाळला त्याच्यावर शंका घ्यायला मन तयार होत नाही. तिसऱ्यांदा त्याने वीस हजार मागितले. प्ले स्टोअरच्या संपादकीय टीममध्ये आपली ओळख आहे, गेम पहिल्या पानावर ‘फीचर’ करून देतो म्हणाला. पुरावा म्हणून एक ईमेल पाठवला. तो ईमेल कंपनीच्या डोमेनवरून नव्हता, साध्या जीमेल पत्त्यावरून होता. मी पत्ता बघितलाच नाही. चतुर्थीसाठी बाजूला ठेवलेले पैसे यूपीआयने पाठवून मोकळी झाले.

डोळे उघडले ते बाबांमुळे. पाऊस सुरू झाला होता, रापण बंद, बाबा घरातच. जेवताना त्यांनी विचारलं, ‘‘गो, पाच हजार माणसां खेळतत म्हणतस, त्यातल्या एकान तरी तुका कायतरी विचारल्यान काय?’’

कुणीच विचारलं नव्हतं. त्या रात्री मी पहिल्यांदा आलेख सोडून आतले आकडे नीट बघितले. पाच हजारांतून पहिली ओढ पूर्ण केलेली माणसं 41. बाकीच्यांनी गेम उघडून काही सेकंदांत बंद केलेला, बहुतेकांनी उघडलेलाही नाही. दुसऱ्या दिवशी परत आलेले जवळजवळ शून्य. मग अभिप्राय एकेक करून वाचले. ‘डिलिव्हरी वेळेवर मिळाली, कापड छान आहे.’ रापणीच्या गेमखाली! त्याच्या खाली तेच वाक्य, फक्त नाव वेगळं. साठातले निम्मे असे. मी ते रोज मोजत होते, वाचत नव्हते.

सकाळी त्याला जाब विचारला. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, फीचरिंगचं काम शेवटच्या टप्प्यात आहे, फक्त कन्सोलमध्ये माझा ईमेल अ‍ॅडमिन म्हणून जोडा आणि जीएसटीचे आठ हजार भरा. अ‍ॅडमिन करणं म्हणजे घराची किल्ली हातात देणं. तो माणूस माझ्या नावावर काहीही चढवू शकतो. मी नाही म्हटलं. त्याच रात्री एक तारा देणारे 48 अभिप्राय पडले आणि मेसेज आला, ‘काढायचे असतील तर सांगा.’

आठवड्यात अ‍ॅडमॉबची, म्हणजे गेममध्ये जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेची, सूचना आली: अवैध ट्रॅफिकच्या शंकेमुळे जाहिराती दाखवण्यावर मर्यादा. म्हणजे जे थोडे खरे खेळाडू होते, त्यांच्याकडून येणारे चार पैसेही थांबले. बनावट इन्स्टॉल आणि विकत घेतलेले अभिप्राय प्ले स्टोअरच्या नियमांत बसत नाहीत. ते तुम्ही स्वतः केले की एजंटने, याने फरक पडत नाही. गेम काढला जाऊ शकतो, खातं बंद होऊ शकतं, आणि एकदा खातं बंद झालं की नवीन उघडलेलंही त्याच्याशी जोडून बंद करतात. गेलेले पैसे मी पुन्हा कमवीन. खातं गेलं असतं तर दीड वर्षाचं काम कुठे ठेवलं असतं? या विचाराने मी कित्येक रात्री झोपले नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी नऊ दिवस गप्प राहिले. 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक मला माहीत होता, पण लोक काय म्हणतील या भीतीने फोन केला नाही. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम बँकेला रोखून ठेवता येते. मी फोन केला तोपर्यंत पैसे पुढे सरकले होते. तक्रार नोंदवली, यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक, आणि चॅटचे स्क्रीनशॉट दिले, पैसे परत आलेले नाहीत.

तेव्हा ज्यांचे गेम अजून कुणाच्या नजरेत आलेले नाहीत, त्यांना हात जोडून सांगते. प्ले स्टोअरवर फीचर होणं विकत मिळत नाही, विकणारा खोटंच बोलतो. पैसे देऊन खेळाडू आणायचेच असतील तर गूगल अ‍ॅड्सवर स्वतःच्या खात्यातून, स्वतः ठरवलेल्या रकमेत जाहिरात करा. बारा परीक्षक पुरवतो म्हणणारेही फिरताहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. इन्स्टॉलचा आकडा कितीही चढो, दुसऱ्या दिवशी किती जण परत आले ते आधी बघा. कन्सोलचा अ‍ॅडमिन आणि गेमवर डिजिटल सही करायची ‘की’ (किल्ली) फाइल कुणालाही देऊ नका.

एक तारेवाल्या अभिप्रायांची मी कन्सोलमधून एकेक करून तक्रार केली, त्यातले बरेच निघाले. जाहिराती पुन्हा सुरू झाल्या आहेत. आता खरोखर खेळणारे दीडशेच्या आसपास असतील. आचऱ्याच्या एका शाळकरी मुलाने कळवलं की त्याच्या फोनवर डावा दोर जड जातो. खरंच जात होता, जुन्या फोनवर स्पर्श उशिरा पोचत होता. दोन रात्री बसून दुरुस्त केलं.

देवगडच्या मुलाला मी लगेच फोन लावला. त्याने आदल्या रात्रीच अडीच हजार भरले होते. मी फोनवर थांबले, त्याने दुसऱ्या फोनवरून 1930 लावला. त्याला तक्रार क्रमांक मिळाला आहे. पैशांचं अजून कळलेलं नाही.