बरणीचे झाकण उघडणारी साधने : आईच्या हातांनी केलेली पारख

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात नागपूरच्या प्रतापनगरमधल्या आमच्या घरी संत्र्याच्या मार्मालेडची एक बरणी तीन दिवस ओट्यावर तशीच उभी होती. आई रोज सकाळी ती हातात घेई, झाकणावर पदर टाकून पिळून पाही आणि पुन्हा जागेवर ठेवून देई. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "माझ्याच्यानं आता काहीच उघडत नाही गं." आईचे वय ७२ आहे आणि तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची झीज झालेली आहे. जिने चाळीस उन्हाळे मुंगवड्या, कुरडया आणि लोणची घालून बरण्या भरल्या, तिच्या तोंडून हे वाक्य ऐकणे मला सोपे गेले नाही. तेव्हापासून झाकण उघडण्याची सहा साधने मी एकेक करून विकत घेतली आणि त्यांची परीक्षा स्वतःच्या नव्हे, तर आईच्या हातांनी घेतली. माझ्या हातांना तसे कुठलेही साधन चालते, त्यामुळे माझ्या मताला इथे फारशी किंमत नाही.

साधनांकडे वळण्यापूर्वी झाकण घट्ट का बसते ते पाहणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक साधन एकाच प्रकारच्या अडचणीवर चालते आणि दुकानदार ते सगळ्यांवरचा उपाय म्हणून देतो. कारखान्यातून येणाऱ्या काचेच्या बरणीत पदार्थ गरम असताना भरलेला असतो. तो थंड झाला की आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकण खाली दाबून धरते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो धरला, तर ७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर भरते. आतला दाब बाहेरच्या निम्मा असेल, तर त्या झाकणावर जवळजवळ १९ किलोचा भार बसलेला असतो. त्या भाराखाली झाकणाच्या आतला मऊ थर काचेच्या काठावर चिकटून बसतो आणि आपण पिळत असतो ते या चिकटपणाविरुद्ध.

आपल्याकडे घरी भरलेल्या बरण्यांचेही असे होते, आणि त्याला नागपूरचा उन्हाळा कारण आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या स्वयंपाकघरात जवसाच्या चटणीची बरणी घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि ती ५ अंशांपर्यंत थंड झाली, तर आतल्या हवेचा दाब सुमारे आठव्या हिश्श्याने उतरतो. तेवढ्याच आकाराच्या झाकणावर हा भार ५ किलोच्या आसपास होतो. फ्रिजमधली बरणी अर्धा तास बाहेर ठेवली की ती आपोआप सैल का होते, याचे उत्तर इथे आहे. दुसरी अडचण आट्यांत सुकलेल्या पाकाची किंवा मधाची. तिथे पोकळीचा काही संबंध नसतो, गोड पदार्थाने झाकण डिंकासारखे चिकटवलेले असते. तिसरी अडचण निव्वळ निसरडेपणाची आहे. लोणच्याच्या तेलाने माखलेल्या झाकणावरून बोटे घसरतात, म्हणून माणूस अधिक आवळून धरतो, आणि नेमके हे आवळणेच झिजलेल्या अंगठ्याला सोसत नाही. चिमटीच्या टोकाशी आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या कितीतरी पट जोर अंगठ्याच्या मुळाशी येतो.

हे माहीत नसल्यामुळे माझी पहिली खरेदी वाया गेली. सीताबर्डीच्या, म्हणजे आमच्या बर्डीच्या, मेन रोडवर एका दुकानात मी चिमट्यासारखे साधन घेतले. त्याच्या दोन दांड्यांमध्ये दातेरी खाचा होत्या आणि लहानमोठी झाकणे त्यांत धरता येत होती. मी ते वापरून पाहिले, झाकण लगेच फिरले आणि मी खूश झाले. आईने हाती घेतले तेव्हा लक्षात आले की झाकण पकडून ठेवायचे तर दोन्ही दांड्या सतत दाबून धराव्या लागतात, म्हणजे जो जोर तिच्या बोटांत उरलेला नाही, तोच हे साधन मागते. दोनदा प्रयत्न करून तिने ते खाली ठेवले. सांधेदुखी असलेल्या कुणासाठीही दाबून धरावे लागणारे साधन घेऊ नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

त्यानंतर इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांतून एक रबरी चकती आणली आणि पुढे एक सिलिकॉनची. दोन्हींचे काम एकच, झाकणावर ठेवून तळव्याने दाबायचे आणि फिरवायचे. पोकळी नसलेल्या, रोज उघडबंद होणाऱ्या प्लास्टिकच्या बरण्यांसाठी एवढे पुरते. भिवापुरी मिरचीच्या तिखटाची मोठी बरणी आई आता चकतीनेच उघडते. रबराची चकती मात्र एका उन्हाळ्यात चिकट झाली आणि कडेने तडकू लागली. उष्णता आणि तेल हे दोन्ही रबराचे शत्रू आहेत. सिलिकॉनची दुसऱ्या उन्हाळ्यानंतरही पहिल्यासारखी आहे. तिला हळदीचा डाग पडतो, तो निघत नाही, पण त्याने कामात फरक पडत नाही. तेलाचा हात लागला की पकड जाते, म्हणून ती भांड्यांबरोबर साबणाने धुवावी लागते. मला ती १२० रुपयांना मिळाली आणि या सगळ्या खरेदीत पैशांच्या मानाने सर्वांत उपयोगी तीच ठरली.

चकतीचा दुसरा उपयोग मला उशिरा उमगला. झाकण फिरवताना बरणीही फिरते आणि तिला थोपवायला दुसऱ्या हाताला तेवढाच जोर लावावा लागतो. एक चकती बरणीखाली ठेवली की बरणी ओट्यावर रुतून बसते आणि दुसरा हात तिला केवळ आधारापुरता लागतो. ग्रॅनाइटचा ओटा गुळगुळीत असतो, त्यामुळे आपल्या घरांत याची गरज अधिकच आहे. म्हणून दोन चकत्या घ्याव्यात. एकच असेल तर बरणीखाली ओले फडके घडी करून ठेवावे.

मार्मालेडच्या बरणीला चकती पुरली नाही, कारण तिथला प्रश्न पोकळीचा होता. तिथे कामी आली ती झाकणाची कड किंचित उचलून आत हवा सोडणारी तरफ. डेन्मार्कच्या ब्रिक्स या कंपनीची 'जारकी' ही या प्रकारातली नावाजलेली वस्तू आहे. मी घेतली ती तशाच घाटाची, बिननावाची. हातभर नव्हे, वीतभरही नाही, एवढासा प्लास्टिकचा तुकडा. त्याचे ओठासारखे टोक झाकणाच्या कडेखाली अडकवायचे आणि दांडा सावकाश वर उचलायचा. 'टक्' असा आवाज होतो, झाकणाच्या मधला खोलगट भाग वर येतो आणि त्यानंतर तेच झाकण दोन बोटांनी फिरते. पिळणे नाही, आवळणे नाही. आई दांडा चारही बोटांनी, तळव्यात धरून उचलते, अंगठा लागतच नाही. पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा तिने तरफ खाली ठेवली, झाकण फिरवले, उघडले, आणि गंमत म्हणजे पुन्हा लावून पुन्हा उघडून पाहिले. "अगं बाई, हे तर नुसतं बसलं होतं!" असे ती म्हणाली. तिला आजवर झाकण घट्ट वाटत होते आणि आपले हात कमी पडतात असे वाटत होते; ते झाकण हवेने धरून ठेवले होते, हे त्या दिवशी तिला हातानेच कळले.

या तरफेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती फक्त पत्र्याच्या झाकणावर चालते. प्लास्टिकच्या झाकणावर तिचा काही उपयोग नाही आणि सुकलेल्या पाकावरही नाही. घाईने झटका दिला तर पत्र्याची कड वाकते, मग झाकण पुन्हा नीट बसत नाही. दांडा हळू उचलला आणि गरज पडल्यास बरणी फिरवून दोन ठिकाणी उचलला, तर असे होत नाही. हेच काम चमच्याच्या टोकाने किंवा सुरीने करण्याची आपल्याकडे सवय आहे. ती कृपा करून सोडावी. सुरी निसटून हातात घुसते, आणि काचेच्या काठाला टवका गेला तर तो तुकडा पदार्थात पडतो. झाकणावरचा तो मधला भाग दुकानातच बोटाने दाबून पाहावा, हे जाता जाता सांगते. नवी बरणी असून तो खालीवर होत असेल, तर आतली पोकळी आधीच गेलेली आहे आणि ती बरणी घेऊ नये.

आमच्या शेजारच्या काकूंना आमवात आहे आणि त्यांचा डावा हात जवळजवळ निकामी आहे. त्यांना तरफ चालली नाही, कारण ती वापरताना बरणी धरायला दुसरा हात लागतो. त्यांच्यासाठी योग्य ठरले ते फळीखाली कायमचे बसवायचे, 'व्ही' आकाराचे दातेरी साधन. झाकण त्या खाचेत सरकवायचे, जिथे ते अडेल तिथे बरणीच एका हाताने फिरवायची. झाकण दात धरून ठेवतात आणि बरणी मोठी असल्यामुळे हाताला पकडही भरपूर मिळते. एका हाताने उघडता येईल असे मला सापडलेले हे एकमेव साधन आहे.

पण ते बसवणे हा आपल्या घरांत खरा प्रश्न आहे. नागपूरच्या जुन्या घरांत ओट्यावरच्या फळ्या कडप्प्याच्या असतात आणि कडप्प्यात स्क्रू धरत नाही. काकूंनी प्रथम दुहेरी चिकटपट्टीवर बसणारे आणले. ते एप्रिलपर्यंत टिकले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, बरणी खाचेत असतानाच, निघून आले. बरणी फुटली, सुदैवाने कुणाला लागले नाही. फोडणीच्या वाफेने तेलकट झालेल्या पृष्ठभागावर आणि इथल्या उन्हाळ्यात चिकटपट्टीवर विसंबू नये. नंतर सुताराकडून लाकडी कपाटाच्या तळाला तीन स्क्रूंनी दुसरे बसवून घेतले. ते कडेपासून चार बोटे आत आणि काकूंच्या कोपराच्या उंचीच्या जरा वर बसवले, आणि जागा ठरवण्यापूर्वी सुताराने त्यांना रिकामी बरणी हातात धरायला लावून माप घेतले. हे माप घेणे मला फार महत्त्वाचे वाटते. दात धारदार असल्याने घरात लहान मूल असेल तर ते मुलाच्या हाताच्या टप्प्यात नसावे.

लांब दांड्याचे साधन मी सर्वांत शेवटी घेतले. इथे तत्त्व सोपे आहे : ७ सेंटिमीटरच्या झाकणाला हाताने फिरवताना जोर मध्यापासून साडेतीन सेंटिमीटरवर लागतो, दांडा १८ सेंटिमीटर लांब असेल तर तेवढ्याच जोरात पाचपट पीळ मिळतो. अमेरिकेच्या ऑक्सो कंपनीचे या प्रकारचे साधन बरणीखाली ठेवायच्या चकतीसह येते. या कंपनीची सुरुवातच १९९० साली अशा विचारातून झाली होती. सॅम फार्बर यांनी पत्नी बेट्सी यांना हातांच्या संधिवातामुळे साल काढायचे सोलणे हातात धरता येत नाही हे पाहिले आणि जाड, मऊ मुठीची उपकरणे तयार करून घेतली. मी आणलेले साधन दुसऱ्याच कोणाचे होते आणि त्याची मूठ बारीक, कडक प्लास्टिकची होती. झाकण उघडत असे, पण आईच्या तळव्याला ती मूठ रुतत असे. तिने स्वतःच मुठीवर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली आणि त्यानंतर ते वापरू लागली. सुकलेल्या मधाच्या बरणीसाठी हेच लागते, तेही झाकणाची कड आधी दोन मिनिटे कोमट पाण्यात उलटी बुडवून. पाण्याने मध विरघळतो आणि पत्रा काचेपेक्षा थोडा अधिक प्रसरण पावतो. फ्रिजमधल्या गार बरणीवर उकळते पाणी मात्र ओतू नये, काच तडकते.

पट्ट्याने आवळणाऱ्या साधनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मोठ्या झाकणांना ते बरे आहे, परंतु पट्टा ओढून बसवण्यातच दोन्ही हात गुंततात. बॅटरीवर चालणारे मी घेतले नाही.

आता आमच्या ओट्याशेजारी एका खिळ्याला तरफ आणि सिलिकॉनची चकती टांगलेली असते. खणात ठेवली होती तेव्हा आई ती शोधण्यापेक्षा बरणीच बाजूला ठेवत असे. समोर टांगल्यापासून ती रोज वापरली जातात. नवीन कुणी घेणार असेल तर या दोन वस्तूंपासून सुरुवात करावी, आणि एकाच हाताने काम करावे लागत असेल तर थेट फळीखालचे साधन बसवून घ्यावे. आमचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मुंगवड्यांच्या मोठ्या स्टीलच्या डब्याचे झाकण वर ओढून काढावे लागते, आणि ते करणारे साधन मला इतवारीत किंवा बर्डीवर कुठेही मिळालेले नाही. तो डबा मी सकाळी कामावर जाण्यापूर्वी उघडून, झाकण नुसते वर ठेवून जाते.