सायकलिंगच्या कॅलरी: मनगटावरचं घड्याळ की पॉवर मीटर?

सोलापुरात मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके द्यायला लागतं. हिप्परगा तलावापर्यंत नेहमीच्याच वेगाने जाऊन या, घड्याळ डिसेंबरपेक्षा जास्त कॅलरी दाखवतं. मेहनत मात्र तेवढीच झालेली असते. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामावाटे पाणी जातं, म्हणून हृदयाचे ठोके वाढतात. आणि घड्याळाचा सगळा अंदाज ठोके, वजन, वय यांवर बेतलेला.

पॉवर मीटर पेडलमध्ये किंवा क्रँकवर (पेडल जोडलेल्या दांडीवर) बसतो आणि पायाचा जोर थेट मोजतो. तासभर सरासरी 150 वॅट म्हणजे 540 किलोज्यूल काम. एका किलोकॅलरीत (घड्याळावरची ‘कॅलरी’ तीच) 4.184 किलोज्यूल असतात, पण शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण 20 ते 25 टक्केच पेडलपर्यंत पोहोचवतं. म्हणून खर्च निघतो साधारण 515 ते 645 किलोकॅलरी. उरलेला फरक ज्याच्या-त्याच्या शरीराचा. ऊन असो की तुळजापूर रोडवर समोरून येणारा वारा, मोजमाप पक्कं राहतं.

किंमत मात्र हजारोंच्या घरात. शर्यतीची तयारी करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. वजन उतरवायचं असेल तर माझ्या मते घड्याळ पुरे. त्याला छातीचा पट्टा जोडा, कारण खडबडीत रस्त्यावर मनगटावरचे ठोके चुकतात. आणि उन्हाळ्यातल्या फुगलेल्या आकड्यावर भाकरी वाढवू नका, पाणी वाढवा.