डिझेल गाडीच्या व्हॅक्यूम नळ्या तपासणारा हातपंप : वापरानंतरचे मत

टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) बदलण्याचा खर्च ठरवण्याआधी डिझेल गाडीच्या मालकाने किंवा लहान गॅरेजने कोणते एक हत्यार घ्यावे, असे मला कोणी विचारले तर मी व्हॅक्यूमच्या हातपंपाचे नाव घेईन. पिस्तुलाच्या आकाराचा, मूठ दाबून चालवायचा धातूचा पंप, त्यावर बसवलेले गोल गेज, पारदर्शक नळीचा तुकडा, काही टी-जोड, रबरी बुचे आणि ब्रेक ऑइल काढण्याची बाटली असा संच प्लास्टिकच्या पेटीत मिळतो. मी घेतलेल्या संचावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही आणि त्याची किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास होती. माझ्या १.३ लिटरच्या डिझेल गाडीवर आणि ओळखीच्यांच्या काही गाड्यांवर तो वापरून झाल्यावर हे मत मांडत आहे.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हवेची वाट अडवतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मार्गात) आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेलमध्ये तसे घडत नाही, म्हणून कॅमशाफ्टच्या टोकाला किंवा जुन्या इंडिकासारख्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेक बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा डबा), व्हीजीटी टर्बोचा (आतल्या पाकळ्या फिरवून हवेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या टर्बोचा) अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे त्या पाकळ्या दांडीने हलवणारी डबी, आणि काही गाड्यांत ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) हे सारे त्याच पंपावर चालते, आणि मधल्या बारीक नळ्या इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षे भाजून निघतात. एखादी नळी तडकली की बहुतेक व्हीजीटी टर्बोंच्या पाकळ्या उघड्याच राहतात, कमी फेऱ्यांवर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, तयार होत नाही, घाटात गाडी ओढत नाही आणि स्कॅनरवर पी०२९९ हा कोड येतो. या कोडचा अर्थ बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच आहे. दोष टर्बोचा आहे, नळीचा आहे की सोलेनॉइडचा (अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारा व्हॅक्यूम नियंत्रित करणाऱ्या विजेच्या झडपेचा), हे तो सांगत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी घाईने टर्बो बदलण्याचा सल्ला दिला जातो.

हातपंपाचे खरे मोल येथे कळते. प्रथम गेज टी-जोडाने गाडीच्या पंपाजवळच्या नळीत जोडावे. इंजिन आयडलवर असताना काटा काही सेकंदांत चढून स्थिर झाला, तर पंप निरोगी आहे. मग तेच गेज सोलेनॉइडच्या आत येणाऱ्या नळीवर लावावे. पहिल्या जागी भरपूर आणि दुसऱ्या जागी तोकडा व्हॅक्यूम मिळाला, तर गळती या दोन जागांच्या मध्ये कुठेतरी आहे, हे काहीही न उघडता सिद्ध होते. त्यानंतर इंजिन बंद करून हातपंप थेट टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरला जोडावा आणि हळूहळू मूठ दाबावी. दांडी न अडखळता सरकली आणि काटा मिनिटभर जागचा हलला नाही, तर अ‍ॅक्च्युएटरच्या आतला रबरी पडदा (डायफ्रॅम) शाबूत आहे. दांडी अडखळत असेल, तर पाकळ्यांवर काजळी बसली आहे असे समजावे. माझ्या गाडीत अ‍ॅक्च्युएटर उत्तम होता आणि दोष बॅटरीखालून जाणाऱ्या एका नळीत निघाला, जी बाहेरून अखंड दिसत होती आणि वाकवल्यावरच तिची चीर उघडत होती. कापडी विणीचे वेष्टन असलेल्या नळ्यांत तर चीर विणीखाली दडलेली असते, आणि ती डोळ्यांनी शोधणे जवळपास अशक्य असते.

पेट्रोल गाडीवर गळती शोधण्यासाठी संशयित जागेवर क्लीनरचा फवारा मारतात आणि इंजिनचा आवाज बदलतो का ते ऐकतात. डिझेलच्या या नळ्यांवर तो उपाय निरुपयोगी आहे, कारण गळतीतून शिरलेली हवा सिलिंडरकडे जात नाही, ती पंपातून इंजिनच्या ऑइल असलेल्या चेंबरमध्ये (क्रँककेसमध्ये) जाते. शिवाय ज्वालाग्राही फवारा तापलेल्या टर्बोजवळ मारणे धोक्याचे आहे. ब्रेकच्या बाजूसाठी मात्र कोणतेही हत्यार लागत नाही: इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबावे, मग पाय पेडलवर ठेवूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही, तर बूस्टरची नळी किंवा तिचा एकतर्फी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

संचाविषयी माझी मुख्य तक्रार त्यातल्या पारदर्शक नळीची आहे. ती तपासणीपुरती ठीक आहे; गरम इंजिनशेजारी ती मऊ पडते, म्हणून दुरुस्तीसाठी तिचा तुकडा गाडीत कधीही ठेवू नये. बाजारात मिळणाऱ्या रंगीत सिलिकॉन नळीचाही मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सिलिकॉन उष्णता सोसते, परंतु या नळ्यांत पंपाकडून ऑइलची वाफ येते आणि ऑइलपुढे सिलिकॉन टिकत नाही. पातळ भिंतीची असेल तर व्हॅक्यूमखाली ती चपटीही होते. मूळ मापाची, ऑइल सोसणारी जाड रबरी नळी घ्यावी, तडकलेला भाग चिकटपट्टीने न गुंडाळता पूर्ण नळी बदलावी, आणि सोलेनॉइडवरच्या नळ्या काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवावा, कारण अदलाबदल झाली तर दुरुस्तीनंतरही गाडी तशीच राहते.

गेज वाचताना उंचीचे भान ठेवावे. मुंबईत समुद्रसपाटीवर काटा सिद्धान्ततः पाऱ्याच्या ३० इंचांच्या (गेजवरचे व्हॅक्यूमचे माप) जवळ जाऊ शकतो. सुमारे ५६० मीटर उंचीच्या पुण्यात ही मर्यादा जवळपास दोन इंचांनी घटते आणि महाबळेश्वरात चार इंचांहून अधिक. मुंबईचा आकडा मनात धरून महाबळेश्वरात पंप निकामी ठरवला, तर तो निष्कर्ष चुकीचा असेल. माझ्या संचातले गेज अचूकतेत प्रयोगशाळेच्या दर्जाचे नाही, परंतु काटा टिकतो की उतरतो हे पाहण्यासाठी ते पुरेसे विश्वासार्ह आहे.

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे थांबवले, तरी त्या १.३ लिटर इंजिनच्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांचे रबर आता म्हातारे होत आहे. अशी गाडी ठेवणाऱ्यांना मी हा पंप घेण्याची शिफारस करतो. ज्यांच्या नव्या गाडीत टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर विजेवर चालतो, त्यांना मात्र तो ब्रेक ऑइल बदलण्यापलीकडे फारसा उपयोगी पडणार नाही. विकत घेताना पंपाच्या तोंडावर बूच लावून काटा २० इंचांपर्यंत न्यावा आणि दुकानातच मिनिटभर थांबून पाहावा. तो उतरू लागला, तर दुसरा नग मागून घ्यावा.